सायकलचा डिस्क ब्रेक ओरडायलाय, पॅड बदलू का?

प्रश्न: दर रविवारी संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, वेरूळ करतो. परवा चेनला स्प्रे मारला, तेव्हापासून मागचा ब्रेक घाट उतरताना ओरडायलाय अन् धरतही नाही. जीव घाबरतो. पॅड बदलू का?

उत्तर १: स्प्रे रोटरवर (पॅड जिला धरतात त्या चकतीवर) उडालाय. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पॅड पॉलिश पेपरवर घासा. तेल मुरलं असेल तर बदलाच. मग सपाट रस्त्यावर १५-२० वेळा वेग घेऊन ब्रेक लावा, चाक लॉक करू नका. त्याआधी घाट नकोच!

उत्तर २: आणि ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नका. माझे पॅड असेच चिकटले, टायर लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) अलगद फाकवावे लागले.

प्रश्नकर्ता: पॅडवर काळा चकचकीत डाग होता. घासला. आता गप आहे, धरतोयही. लई आभार दादा.