आई-बाबांची रक्ततपासणी घरी: उपास, गोळ्या आणि चुकलेलं पोटॅशियम

उंबरठा
आई ५८, बाबा ६४. आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. बाबांना मधुमेह (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड), शिवाय बीपीची गोळी. रविवारी सकाळी सातला लॅबचा माणूस घरी येणार. पॅकेज '८५ तपासण्यां'चं आहे. उपास नेमका किती तास? सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं? आणि गेल्या वेळी बाबांचं पोटॅशियम ६.२ म्हणजे बरंच जास्त आलं, दुसऱ्या दिवशी परत केलं तर ४.४, नॉर्मल. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) दोन्ही वेळा नॉर्मल. हे कसं?

करडं_टोपण
उपासाचं आधी. शुगरला ८ तास लागतात, ट्रायग्लिसराइडला १० ते १२. रात्री साडेआठला जेवण उरकलं की सकाळी सातला बरोबर बसतं. चौदा तासांवर ताणू नका, आकडे उलट बिघडतात. साधं पाणी हवं तेवढं प्या, पाणी कमी असलं की शीर सापडत नाही. चहा बिनसाखरेचाही नको. आणि साबुदाण्याची खिचडी एकादशीला चालते, इथे नाही. हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

बीपीची गोळी पाण्याबरोबर नेहमीच्या वेळेला. ग्लिमेपिराइड मात्र उपाशीपोटी अजिबात नको, शुगर झपकन खाली जाईल. पहिलं रक्त दिलं की रोजच्यासारखी गोळी, रोजचाच नाश्ता, आणि पहिल्या घासापासून घड्याळ लावून दोन तासांनी पीपीचं (खाल्ल्यानंतरच्या शुगरचं) रक्त. बरेच जण त्या दिवशी गोळीच बुडवतात. मग पीपी फुगते आणि डोस उगाच वाढतो.

आईची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर. एका गोळीने टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन) हलत नाही, पण फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) काही तास वर जातो. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशीनच्या पद्धतीत बायोटिन आडवं येतं: टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त. म्हणजे कागदावर हायपरथायरॉइड, थायरॉइड जास्त चालतंय असं.

सेंट्रिफ्यूज
पोटॅशियमचं मी सांगते. तांबड्या पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उडी मारतो. दंडावरचा पट्टा एक मिनिटाच्या वर आवळून ठेवला, 'मूठ उघड-बंद करा' म्हटलं, स्पिरिट वाळायच्या आत सुई घातली, किंवा सिरिंजमधलं रक्त दट्ट्या दाबून बल्बमध्ये (नमुन्याच्या टोपणवाल्या नळीत) जोरात सोडलं, की झालं. मूठ वळवण्याने तर पेशी न फुटताही पोटॅशियम वाढतं. सीरम (पेशी वेगळ्या केल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) गुलाबी दिसलं तर चांगली लॅब 'हिमोलाइज्ड', म्हणजे पेशी फुटलेल्या, असा शेरा मारते. रिपोर्टच्या तळाशी बघा.

दुसरं कारण बल्बचा क्रम. आधी पिवळ्या किंवा लाल टोपणाचा, मग जांभळा, शेवटी करडा. जांभळ्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) हे पोटॅशियमचंच मीठ असतं. त्यातला थेंब पिवळ्यात गेला की पोटॅशियम वर, आणि कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज खाली. ही तिन्ही एकदम विचित्र दिसली तर पेशंट नाही, नमुना बिघडलाय.

तिसरं, होम कलेक्शनचा बर्फाचा डबा. सीरम वेगळं न केलेलं रक्त बर्फाला चिकटून तासन्‌तास राहिलं की पेशीतलं पोटॅशियम आपोआप बाहेर झिरपतं, आणि सीरम दिसतं स्वच्छ. म्हणून 'आमच्यानंतर अजून किती घरं?' हे विचाराच. दोन तासांत सीरम वेगळं व्हायला हवं. शुगर करड्या फ्लोराइड बल्बमध्येच घेतली का तेही बघा; साध्या बल्बमध्ये ती तासाला ५ ते ७ टक्के घटते. १३० ची दोन तासांत ११५ च्या आसपास, आणि उपाशीपोटी मधुमेह ठरवणारी १२६ ची रेघ मध्येच राहिली.

जांभळा बल्ब लगेच आठ-दहा वेळा अलगद उलटासुलटा करायचा, खळाखळा हलवायचा नाही. तुमच्याकडे दोघांचं आडनाव एकच, तेव्हा बाबांच्या बल्बांवर पूर्ण नाव, वय समोरच लिहून होईपर्यंत आईला पट्टा बांधू देऊ नका.

जांभळी_शाई
८५ ऐकून हुरळू नका. सीबीसीचेच (रक्तपेशींच्या मोजणीचे) वीसेक आकडे धरतात. लिपिडमधलं (रक्तातल्या चरबीच्या तपासणीतलं) व्हीएलडीएल म्हणजे बहुधा ट्रायग्लिसराइड भागिले पाच, ग्लोब्युलिन म्हणजे टोटल प्रोटीन वजा अल्ब्युमिन. हेही 'तपासणी'त मोजतात! नॉर्मल रेंज साधारण ९५ टक्के निरोगी लोकांवरून ठरते. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा लाल होण्याची शक्यता ६४ टक्के.

बाबांसाठी पॅकेजमध्ये बहुतेकदा नसतं ते मागून घ्या: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. किडनीवरचा मधुमेहाचा परिणाम क्रिएटिनिन वाढायच्या आधी तिथे दिसतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ सुद्धा. सीए-१२५, सीईए असले ट्यूमर मार्कर लक्षण नसताना करू नका, नसता घोर लागतो.

आईचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी असेल तर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. सोबत उपाशीपोटीची शुगर बघा. प्लेटलेट अचानक ६०-७० हजार आल्या आणि ताप, रक्तस्राव काही नसेल, तर आधी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला सांगा. ईडीटीएमध्ये काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीन त्या मोजत नाही. मग ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या बल्बमध्ये परत घेऊन आकड्याला १.१ ने गुणतात, कारण त्यातल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं.

उंबरठा
आभार. माणूस सातऐवजी नऊला उगवला तर?

करडं_टोपण
बाबांची ग्लुकोमीटरवर शुगर बघा. ७० च्या खाली असेल, तर रक्त देण्याची वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, मग खायला द्या. घाम, थरथर जाणवली आणि मीटर हाताशी नसलं तरी साखर द्यायचीच. लॅबला दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.