बार्बाडोसला बाहेर जेवायला कुठे जावं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही दोघं सहा दिवस बार्बाडोसला जातोय, हॉटेल साउथ कोस्टला आहे पण तिथलं मेनूकार्ड बघूनच डोळे पांढरे झाले. मी मासे खाते, नवरा शुद्ध शाकाहारी. बाहेर कुठे बरं मिळेल?

उत्तर १: शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स, डोळे झाकून जा. कोळ्यांचंच गाव आहे, मार्केटच्या बाजूला स्टॉल लागतात, कोळशावर मासा भाजतात, धूर, गाणी, बाकड्यावर शेजारी कोण बसलंय काही पत्ता नसतो. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) घ्या. सातच्या आत पोचा, नंतर रांग हलतच नाही, आम्ही तासभर ताटकळलो होतो.

उत्तर २: ऑइस्टिन्स छानच पण शुक्रवारी फार गर्दी हो, मला तर बुधवारीच मजा आली. फ्लाइंग फिश आणि कूकू खाल्ल्याशिवाय येऊ नका. कूकू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेलं, जरा बुळबुळीत लागतं पण वर रस्सा ओतला की जमतं.

उत्तर ३: नवऱ्यासाठी रोटी शोधा, आपल्यासारखी पोळी नाही, आत बटाट्याची करी भरून घडी घातलेली असते, मात्र नुसती रोटी मागितली तर चिकनचीही येऊ शकते तेव्हा आधी विचारा. आणि हो, १ अमेरिकन डॉलरला २ बार्बाडोस डॉलर असा ठरलेला दर आहे, त्यामुळे किंमत कुठल्या डॉलरमधे लिहिलीये ते बघा, मी एकदा उगाच घाबरून उठून आले होते!

प्रश्नकर्ती: अगं बाई, मेनूकार्ड परत बघते 😄