मदत हवी आहे: बंदिस्त संशोधन केंद्राच्या करारात दार उघडण्याचा अधिकार कोणाला द्यावा?

बंदिस्त हरितगृहासाठी करारनाम्याचा मसुदा करतोय. नमुना म्हणून अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातलं बायोस्फिअर 2 (काचेचं हवाबंद संशोधन केंद्र, जिथे माणसं आत कोंडून राहिली) घेतलंय, कारण जागेचा मालक, कारभार पाहणारा आणि विज्ञान ठरवणारा एकच नसला की काय होतं ते तिथे लख्ख दिसतं.

पैसा एड बास यांचा, कल्पना जॉन अ‍ॅलन यांची. पहिल्या मोहिमेत (1991-93) आठ माणसं आत होती. ऑक्सिजन 20.9 वरून साधारण 14.5 टक्क्यांवर आला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उघडं काँक्रीट शोषत होतं, म्हणून घटीचं कारण लवकर उमगलं नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. 1 एप्रिल 1994 ला, दुसरी मोहीम आत असतानाच, बास यांनी कोर्टाच्या आदेशाने व्यवस्थापन बदललं. चारच दिवसांत पहिल्या मोहिमेतल्या दोघांनी बाहेरून दारं उघडली. पुढे 1996 ते 2003 कोलंबिया विद्यापीठाकडे फक्त कारभार होता. 2007 मध्ये जमीन विकासकाला विकली गेली, संशोधन अ‍ॅरिझोना विद्यापीठाने घेतलं; मालकी मात्र 2011 मध्ये मिळाली.

आमचा मसुदा असा: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की दार उघडायचा हक्क आतल्यांचा, मालकाला विचारायची गरज नाही. मालक बदलला तरी सुरू असलेला प्रयोग पुरा होईपर्यंत वीज-पाणी तोडायचं नाही. नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे.

दुसरं कलम विक्रीनंतर नव्या मालकावर बंधनकारक राहण्यासाठी भाडेपट्टा नोंदणीकृत करणं पुरेल का? असे करार हाताळलेल्यांनी कृपया कलमाची नेमकी भाषा सुचवा.