अनुभव धागा : सागरगोट्याचे कुंपण आणि त्याचे उपयोग

सागरगोटे अनेकांनी खेळात हाताळलेले असतात. मात्र ज्या काटेरी झुडपावर ते धरतात, ते ओळखणारी माणसे कुंपणांच्या जागी तारा आल्यापासून कमी होत चालली आहेत. काही भागांत गजगा म्हणतात, त्या या झुडपाची लागवड, तोडणी किंवा औषधी वापर ज्यांनी स्वतः केला वा घरात पाहिला, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बागायतदार, रत्नागिरी :
आमच्या बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सागरगोटा होता. त्याच्या फांद्यांनाच नव्हे, तर पानांच्या दांड्यांनाही मागे वळलेले काटे असतात. त्यामुळे आत घुसू पाहणारे जनावर मागे फिरताना अधिकच अडकते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. छाटणी एकट्याने होत नसे. एकाने आकडीने फांदी ओढून धरायची आणि दुसऱ्याने कोयत्याने तोडायची. तोडलेले शिरे, म्हणजे काटेरी फांद्या, वाळले तरी काटे बोथट होत नाहीत, म्हणून आम्ही ते कुंपणातल्या खिंडारांत दाबून बसवत असू. तारेच्या कुंपणाची अशी डागडुजी बागेतल्याच मालाने होत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

निवृत्त शिक्षिका, सातारा :
आजी बाळगुटीत सागरगोट्याचे दोन वेढे उगाळत असे. हिवतापावर बियांचा मगज मिरीबरोबर कुटून देण्याची रीत तर इतकी रूढ होती की, 1868 च्या भारतीय औषधकोशात हे चूर्ण नोंदवले गेले. तरीही आज हिवतापाची शंका आली, तर आधी रक्ततपासणी करावी आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असेच मी सांगते. आदर ठेवूनही हे सांगावे लागते.

अलिबागहून :
शाळेत आम्ही सागरगोटा फरशीवर घासून शेजाऱ्याच्या हाताला त्याचा चटका देत असू.

रोपवाटिकाचालक, सिंधुदुर्ग :
बी तसेच पेरले, तर टणक कवचातून पाणी आत जात नाही आणि ते दीर्घकाळ पडून राहते. याच कवचामुळे ते समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागूनही रुजू शकते. कवच एका बाजूला कानशीने, आतला मगज जेमतेम दिसेपर्यंत घासावे आणि बी रात्रभर पाण्यात ठेवावे. फुगलेले बी तेवढेच पेरावे. कुंपणासाठी ते पावसाच्या तोंडावर थेट बांधावरच लावावे, कारण मोठे झालेले काटेरी रोप हलवणे फार त्रासाचे असते.