किशोरवयीन मुलांसह पहिली क्रूझ : मुंबईहून छोटी की सिंगापूरहून मोठी?

पाचपाखाडीकर (धागाकर्ती)

आमचा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत आहे आणि मुलगी तेरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी पहिल्यांदा क्रूझवर जावे, एवढे घरात ठरले आहे. कुठून जावे यावर मात्र एकमत होत नाही. माझे मत मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून निघणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजावरून गोव्याला जाऊन येण्याच्या बाजूचे आहे, तर माझे यजमान सिंगापूरला जाऊन तिथून मलेशियातील पिनांग आणि थायलंडमधील फुकेतची चार रात्रींची फेरी करावी असे म्हणतात.

चौघांपैकी कोणाला बोट लागते हे आम्हाला ठाऊकच नाही, हे माझे पहिले कारण. माझी आजी लग्नानंतर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जात असे आणि जयगड मागे पडेपर्यंत तिला उठून बसता येत नसे, असे ती सांगायची. ती प्रकृती माझ्या मुलीत उतरली असेल, तर ते चार विमानतिकिटांचा खर्च करून सिंगापूरमध्ये कळण्यापेक्षा घरापासून तासाभरावर कळलेले बरे. दुसरे असे की, मुंबई-गोवा ही देशांतर्गत फेरी असल्यामुळे व्हिसा किंवा पासपोर्ट न लागता साध्या ओळखपत्रावर जाता येते. मुलांना जहाज आवडले नाही, तरी दोन रात्रींत प्रवास संपतो. पहिला अनुभव चुकला तरी फारसे बिघडू नये, इतका तो लहान असावा असे मला मनापासून वाटते. ज्यांनी या वयाची मुले घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

सिंगापूरस्थ

आपल्या काळजीचा मान राखूनही मी पूर्णपणे विरुद्ध मत मांडतो. लहान मुले आई-वडिलांजवळ असली की कुठेही रमतात आणि वयस्कर मंडळी डेकवर खुर्ची टाकून समुद्राकडे पाहत बसली तरी तृप्त असतात. परंतु तेरा ते सतरा या वयात जहाजावर स्वतःला करण्यासारखे काय आहे यावर सगळा प्रवास अवलंबून असतो. म्हणून या वयासाठी बंदर नव्हे, जहाज निवडावे.

'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीसाठी बांधले गेले आणि २०२१ पासून ते भारतात चालते. त्याचा एकूण टनभार सुमारे ४८ हजार आहे, तर सिंगापूरहून निघणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'चा सुमारे दीड लाख. (टनभार हे जहाजाचे वजन नसून आतल्या जागेचे माप आहे, त्यामुळे या तुलनेतून मुलांना वावरायला किती जागा मिळेल याचा अंदाज येतो.) गेंटिंग ड्रीमवर पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरून चालण्याचा मार्ग आणि बोलिंग आहे. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातील जहाजांवर कृत्रिम लाटेवर सर्फिंग करता येते आणि हवेच्या झोतात तरंगण्याचा अनुभव घेता येतो. शिवाय किशोरवयीन मुलांसाठी तिथे वेगळी जागा असते, जिथे पालकांनी येऊ नये अशीच अपेक्षा असते.

बोट लागण्याच्या भीतीबाबतही भूगोल सिंगापूरच्या बाजूने आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलाय द्वीपकल्प यांचा आडोसा असल्यामुळे पिनांगपर्यंतचे पाणी बहुधा शांत असते. अरबी समुद्राला असा आडोसा नाही. २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' हे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात होते, हे विसरू नये.

पाचपाखाडीकर

क्यारचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करते. तरीही पालकांना प्रवेश नसलेली जागा हा ज्या गोष्टीचा आपण गुण सांगता, तोच मला दोष वाटतो. घरी मुलगा क्लासमधून साडेनऊला येतो, मुलगी त्याआधी जेवलेली असते आणि चौघे एका टेबलावर बसून जेवलो असे आठवड्यातून एखाद्या वेळीच घडते. प्रवासातही मुले सकाळी बोलिंगला आणि रात्री क्लबमध्ये जाणार असतील, तर आम्ही चौघे एकत्र गेलो असे कशाच्या आधारावर म्हणायचे? लहान जहाजावर फारसे काही नसेल, तर निदान माणसे एकमेकांशी बोलतील.

जयगडकर

मी अकरा वर्षे परदेशी क्रूझ जहाजांच्या खानपान विभागात काम केले आणि आता गावी असतो. आपण दोघेही जहाजाचा आकार आणि निघण्याचे बंदर यांवर वाद घालत आहात. मी हजारो कुटुंबे जवळून पाहिली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो की, सहल बहुतेक वेळा दोन गोष्टींवरून बिघडते: रात्रींची संख्या आणि खोली.

दोन रात्रींची फेरी ही क्रूझची चव नव्हे. पहिला दिवस सामान, रांगा आणि सुरक्षा कवायतीत जातो, दुसरा दिवस बंदरात जातो आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच खोली रिकामी करण्याची सूचना होते. मुलांची ओळखपाळख साधारण दुसऱ्या रात्री होते आणि त्याच रात्री बॅगा भराव्या लागतात. शनिवार-रविवार जोडून असलेल्या छोट्या फेऱ्यांवर कार्यालयांचे आणि मित्रमंडळींचे गट अधिक असतात. रात्री उशिरापर्यंत बार आणि कसिनोभोवती गर्दी राहते. सोळा वर्षांच्या मुलाला तिथे प्रवेश नसतो आणि तेरा वर्षांच्या मुलीला तिथे रस नसतो. धागाकर्तीने मुंबईहूनच जायचे ठरवले, तरी निदान तीन रात्रींची फेरी पाहावी, असे माझे मत आहे.

आता खोलीविषयी. चौघांना एका खोलीत बसवण्यासाठी भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन पलंग असतात आणि पत्रकातील छायाचित्रात ते कधीच उघडे दाखवत नाहीत. एकच न्हाणीघर, आरशासमोर एकाच माणसाची जागा आणि त्यात दोन वाढत्या वयाची भावंडे, ही भांडणाची तयारीच म्हणावी लागेल. बाल्कनीची एक खोली घेण्याऐवजी समोरासमोरच्या खिडकीविना दोन खोल्या घ्याव्यात: एकीत आई आणि मुलगी, दुसरीत वडील आणि मुलगा. खोल्या जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर मागाव्यात, कारण जहाज सी-सॉच्या फळीसारखे मध्याभोवती हलते आणि सर्वांत जास्त हेलकावे पुढच्या व मागच्या टोकाला, वरच्या मजल्यावर बसतात. बाल्कनीपायी वरचा मजला घेऊन रात्रभर उलट्या करणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली.

सुरक्षा कवायतीला मुलांना बळे न्यावे लागले तरी न्यावे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्या दुर्घटनेत ३२ जणांचा जीव गेला आणि त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेण्याचा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात आला. कानात इअरफोन घालून उभ्या असलेल्या मुलांना हे एकदा सांगितले, की ती ऐकतात.

हिशेबनीस

सिंगापूरच्या बाजूने लिहिणारे सद्गृहस्थ खर्चाविषयी एक अक्षरही बोलत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. पत्रकावरची किंमत 'एका खोलीत दोघे' या हिशेबाने दर माणशी असते. त्यात बंदराचे शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांसाठीचे सेवाशुल्क वेगळे मिळवावे लागते. काही मोठ्या कंपन्यांत हे सेवाशुल्क दर माणशी दररोज अठरा डॉलरच्या आसपास असते आणि ते मुलांनाही लागू होते. चौघांचे चार रात्रींचे गणित ज्याने त्याने करावे. याशिवाय मुंबई-सिंगापूर विमानभाडे, जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचून हॉटेलात काढलेली एक रात्र (जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून ही रात्र टाळू नये) आणि इंटरनेटचे वेगळे पैसे. जहाज समुद्रात असताना मुलांचे फोन 'फ्लाइट मोड'वर नसतील, तर उपग्रहावरून चालणाऱ्या सागरी रोमिंगचे बिल वेगळे येते.

कागदपत्रांचेही तसेच आहे. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचे असल्यामुळे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीच्या पासपोर्टची तारीख आजच पाहावी.

जयगडकर

हिशेब बरोबर आहे, पण सेवाशुल्काविषयी एक विनंती करतो. ते रद्द करून घेण्याची सोय काही जहाजांवर असते आणि पुष्कळ भारतीय कुटुंबे शेवटच्या दिवशी स्वागतकक्षासमोर त्यासाठी रांग लावतात. खोली आवरणारा आणि ताट वाढणारा माणूस सहा-सात महिने एकही सुट्टी न घेता काम करतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत चौदा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा आहे. त्यांत गोव्याची आणि रत्नागिरीची कितीतरी मुले असतात. ती रक्कम खर्चात आधीच धरावी आणि जमत नसेल तर दुसरी सहल निवडावी, पण त्या रांगेत मुलांना घेऊन उभे राहू नये.

सतरावे_वर्ष

सर्व काका-मावशी आमच्याविषयी बोलत आहेत, म्हणून मी लिहिते. गेल्या वर्षी मी आई-बाबांबरोबर एका मोठ्या परदेशी जहाजावर गेले होते. सिंगापूरस्थ काकांनी ज्या किशोरवयीनांच्या जागेचे कौतुक केले आहे, तिथे तेरा आणि सतरा वर्षांची मुले एकत्र असतात. पहिल्या संध्याकाळी मी आत डोकावले, सर्वांत मोठी मीच होते आणि नंतर पुन्हा गेले नाही. जहाज मोठे आहे म्हणून मुले रमतीलच, असे गृहीत धरू नये. त्याउलट पाचपाखाडीकर मावशींना वाटते तसे, करण्यासारखे काही नसले की आम्ही आई-वडिलांशी बोलू लागतो, हेही खरे नाही. तेव्हा आम्ही खोलीत झोपून राहतो.

मला सर्वांत आवडला तो पिनांगचा दिवस. तिथे जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी कडेला लागते, त्यामुळे उतरून पायी गावात जाता येते. ते गाव २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या दुकानांच्या रांगा आणि भिंतींवरची चित्रे पाहत हिंडता येते. बाबांनी नकाशा माझ्या हातात दिला आणि संध्याकाळी किती वाजता परत पोहोचायचे तेवढेच सांगितले. चुकलो असतो तर माझ्यामुळे चुकलो असतो, म्हणून मी दिवसभर घड्याळ पाहत होते. त्या दिवशी आम्ही तिघे खूप बोललो. गोव्याला असे करता येईल का, हे मला माहीत असलेल्यांनी सांगावे.

म्हापशेकर

करता येईल, पण पायी नाही. जहाज मुरगाव बंदरात लागते आणि तिथून पणजी किंवा जुने गोवे गाठायला गाडीने पाऊण ते एक तास जातो. कंपनीच्या बसमधून गेल्यास दोन चर्च आणि एक बाजार पाहून परत यावे लागते. मुलांच्या हाती दिवस द्यायचा असेल, तर टॅक्सी आधी ठरवून फक्त पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीत जावे आणि तेवढेच नीट पाहावे. तसे स्पष्टच सांगायचे, तर मुंबईच्या कुटुंबाने गोवा पाहण्यासाठी क्रूझ घेण्यात मला अर्थ दिसत नाही. गोवा तुम्ही रेल्वेने येऊन अधिक चांगला पाहता.

वेळणेश्वरकर

मुळात क्रूझच हवी का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जड इंधन जाळणारे तरंगते हॉटेल एका दिवसापुरते बंदराला लागते आणि दोन-तीन हजार माणसे गावात सोडते. अशाच कारणांनी इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेक्का कालव्यातून बंदी केली. पर्यावरणाविषयी शाळेत शिकणाऱ्या मुलांना आपण काय दाखवणार आहोत? समुद्राची सवय पाहायची असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या, गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीतून तासाभराचा प्रवास करून पाहावा आणि उरलेली सुट्टी कोकणात काढावी.

जयगडकर

पर्यावरणाचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. परंतु मांडव्याच्या फेरीवरून बोट लागते की नाही हे कळणार नाही. ते बंदराच्या आतले पाणी आहे. खुल्या समुद्रातली लांब पल्ल्याची लाट तिथे पोहोचेपर्यंत मरते. त्या फेरीत ठणठणीत राहिलेला माणूस रत्नागिरीच्या समोर आडवा होऊ शकतो.

पाचपाखाडीकर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री मुलीचा पासपोर्ट काढून पाहिला. त्याची मुदत फेब्रुवारीत संपते, म्हणजे या दिवाळीत सिंगापूर तसेही शक्य नाही. यजमानांना ते पटवावे लागले नाही, तारीखच पुरेशी होती. परंतु या योगायोगाने माझे मत बरोबर ठरले असे मी म्हणणार नाही, कारण दोन रात्रींच्या फेरीविषयीचा माझा आग्रह जयगडकरांनी खोडून काढला आहे आणि करण्यासारखे काही नसले की मुले बोलतील, ही माझी समजूत त्या सतरा वर्षांच्या मुलीने.

आता आम्ही मुंबईहून तीन किंवा अधिक रात्रींच्या फेऱ्या पाहत आहोत. जहाजाचा मजल्यांचा नकाशा मुलाकडे दिला आहे. मध्यावरच्या, समोरासमोरच्या दोन खोल्या त्याने शोधायच्या आहेत. गोव्याचा दिवस असेल तर तो मुलीने ठरवायचा आहे आणि तिने आत्ताच फोंताइन्यासचे नाव कागदावर लिहून ठेवले आहे. रात्रीचे जेवण चौघांनी एकत्र घ्यायचे, एवढी एकच अट मी घातली आहे.

सिंगापूरस्थ

अट योग्य आहे. पासपोर्टचे नूतनीकरण मात्र आत्ताच करून घ्यावे. मुलगा बारावीच्या परीक्षेतून मोकळा होईल त्या मे महिन्यात मी हा वाद पुन्हा काढणार आहे.

जयगडकर

मे महिन्यात फुकेतच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची लाट सुरू होते. तेव्हा पिनांगपर्यंतचीच फेरी पाहावी.