मदत हवी आहे: मशीन बंद पडलं की नेमका हवा तोच लॉग (मशीनने लिहिलेली नोंद) गायब, डेबियन 12 लिनक्स

राम राम मंडळी. कमांड देवनागरीतच लिहितो आहे, समजून घ्या. फोनवर कीबोर्ड बदलत बसलो तर पोस्ट उद्यापर्यंत पुरी व्हायची नाही.

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधला वजनकाट्याचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. इंडिकेटरची सिरीयल केबल यूएसबी कन्व्हर्टरने मशीनला जोडली आहे. माझी पायथन स्क्रिप्ट टीटीवाययूएसबी0 (लिनक्सने त्या कन्व्हर्टरला दिलेलं नाव) वरून वजन उचलते आणि पावती छापते. सात वर्षं बिनबोभाट चाललं. दिवाळीत हार्ड डिस्क गेली म्हणून एसएसडी बसवून डेबियन 12 नव्याने टाकलं, आणि तेव्हापासून दिवसातून एक-दोनदा वजन येणंच बंद होतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, 'काहून बंद केला काटा?' म्हणून ओरडा. मग दिवाणजी पॉवरचं बटण दाबून धरतात, मशीन पुन्हा चालू होतं, काटाही चालू. मी तालुक्याला असतो, पोचेपर्यंत सगळं शांत.

पहिले अशा वेळी मी फोनवरून पोराला सांगायचो, टेल मार, सिसलॉगच्या (सिस्टमच्या टेक्स्ट लॉगच्या) शेवटच्या पन्नास ओळींचा फोटो पाठव. आता ती फाइलच नाही. व्हार लॉगमध्ये एक रीडमी तेवढी पडली आहे, तिचा सूर असा की जुने टेक्स्ट लॉग शोधताय, ते गेले का? हो बाप्पा, गेले!

मग जर्नलसीटीएल चालवलं, म्हणजे जर्नल हा नवा लॉग वाचायची कमांड. साध्या युजरला सिस्टमचे मेसेज दिसत नाहीत, एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल ग्रुपात पाहिजे, हे कळण्यात एक संध्याकाळ गेली. नंतर पोराने फोटो पाठवला तर प्रत्येक लांब ओळीचं शेपूट उजवीकडे कापलेलं. शेवटी जर्नलची फाइलच पेनड्राइव्हवर मागवली. घरच्या विंडोज लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये नुसते चौकोन! जुना लॉग कुठेही उघडायचा हो.

बरं, तारीख-वेळ देऊन लॉग काढता येतो, मागच्या बूटचा (मशीन मागच्या वेळी चालू होतं तेव्हाचा) वेगळा बघता येतो, हे चांगलंच आहे. पण काटा बंद पडला त्या वेळच्या ओळी त्यात नाहीतच. उलट 'फाइल खराब किंवा नीट बंद न झालेली, नाव बदलून नवी सुरू करतो' असा मेसेज, आणि फोल्डरात शेवटी टिल्डा (~) लागलेल्या फायलींचा ढीग.

दोनच गोष्टी पाहिजेत. साधा टेक्स्ट लॉग परत कसा आणू? आणि बटण दाबून बंद केलं तरी शेवटच्या ओळी कशा वाचतील?

प्रतिसाद, पेंग्विनपुरी:
कामाचा काटा आहे, विंडोज टाका अन् मोकळे व्हा.

प्रतिसाद, जुनाखोड:
भाऊ, वरच्याकडे लक्ष देऊ नका.

एपीटीने आरसिसलॉग (टेक्स्ट लॉग लिहिणारा प्रोग्राम) इन्स्टॉल करा, सिसलॉग आणि कर्नलॉग (कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या मेसेजचा) दोन्ही परत येतील. जर्नल 2011 पासूनचं, पण इतकी वर्षं डेबियन दोन्ही ठेवायचं. जून 2023 च्या 12 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये आरसिसलॉग आपोआप येत नाही. जुन्यावरून अपग्रेड केलं असतं तर राहिला असता. एक मात्र, ओळीच्या सुरुवातीचा वेळ आता नव्या लांब पद्धतीने येतो. कॉलम मोजून वेळ काढणारी जुनी स्क्रिप्ट असेल तर अडखळेल.

शेवटच्या ओळींचं असं आहे की जर्नल डिस्कवर पक्कं लिहायला पाच मिनिटांपर्यंत थांबतं. फक्त क्रिटिकल आणि त्यावरचे मेसेज लगेच लिहितं, आणि यूएसबी सुटल्याचा मेसेज त्यात बसत नाही. जर्नलडीच्या (जर्नल लिहिणाऱ्या सर्व्हिसच्या) कॉन्फमध्ये सिंकइंटर्व्हलसेक (किती वेळाने डिस्कवर लिहायचं ते) 10 सेकंद करा आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. टिल्डावाल्या फायली पुसू नका, जर्नलसीटीएल त्याही वाचतं. आणि फोटोसाठी कमांडला नो-पेजर लावा, म्हणजे ओळी कापल्या जाणार नाहीत.

दिवाणजींना मात्र सांगा, बटण दाबण्याआधी दोन मिनिटं थांबा.

धागाकर्ता:
दादा, जमलं! काल संध्याकाळी सव्वासहाला काटा पुन्हा बंद पडला. या वेळी दिवाणजींना बटणाला हात लावू दिला नाही. कर्नलॉगमध्ये सरळ ओळ होती: यूएसबी हबने पोर्ट बंद केला, पुढे कंसात ईएमआय (म्हणजे आजूबाजूच्या विजेचा व्यत्यय) आणि प्रश्नचिन्ह. त्यानंतर टीटीवाययूएसबी0 सुटला आणि तोच कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी1 म्हणून परत लागला. माझी स्क्रिप्ट बिचारी 0 लाच धरून बसलेली.

पोराला विचारलं, तेव्हा काय चालू केलं होतं? म्हणे, गाठीचा प्रेस. नवा प्रेस दिवाळीतच बसला, अन् मी महिनाभर डेबियनला शिव्या देत होतो. स्क्रिप्टमध्ये आता सिरीयल बाय-आयडीचा रस्ता (0 चा 1 झाला तरी न बदलणारं नाव) दिला आहे आणि पोर्ट सुटला तर पुन्हा उघडायला लावलं आहे. त्यामुळे काटा पाच-सात सेकंदात आपला आपण सावरतो, पण पोर्ट अजून सुटतोच. प्रेसची केबल आमच्या केबिनच्या भिंतीवरून, सिरीयलच्या केबलला चिकटून नेली आहे. शील्डवाली केबल घेतली तर भागेल, की भिंतच बदलू?