कॉलरबोनला प्लेट, सहाव्या आठवड्यात रेस: उतरवायचं का?

हूप्स_हडपसर
नमस्कार मंडळी. रायडर 22 वर्षांचा, गाडी एक्सपल्स 200. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याची मातीची उडी) उतरताना पुढचं चाक आधी टेकलं आणि तो डाव्या अंगावर, हात पुढे टाकून पडला. कॉलरबोन मधोमध मोडली, तुकडे एकमेकांवर चढले होते म्हणून प्लेट आणि सात स्क्रू. आज तीन आठवडे झाले. टाके निघाले, हात डोक्यावर जातो. मोटोक्रॉसची (मातीच्या ट्रॅकवरची, उड्यांची) रेस अजून तीन आठवड्यांनी, पुण्याजवळच. त्याचं म्हणणं असं, की मोटोजीपीचा (डांबरी ट्रॅकवरची जागतिक स्पर्धा) लोरेंझो 2013 ला नेदरलँड्सच्या आसेनमध्ये गुरुवारी कॉलरबोन मोडून, बार्सिलोनाला जाऊन प्लेट बसवून शनिवारी पाचवा आला. मोटोक्रॉसच्या हर्लिंग्जची 2018 मध्ये कॉलरबोन मोडून एकच फेरी चुकली आणि तरी तो चॅम्पियन झाला. मग सहा आठवडे पुरेत की. हे लोक नेमकं कशाच्या जोरावर उतरतात? आणि त्यातलं आपल्याकडे काय चालतं?

मुरूम_माती
प्लेट बसली म्हणजे हाड जुळलं असं नाही. हाड जुळेपर्यंत ताण प्लेट घेते. प्रत्येक लँडिंगला ती किंचित वाकते आणि परत येते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच आहे हे. हाड आधी जुळलं तर प्लेट वाचते, नाहीतर प्लेट वाकते किंवा स्क्रू हाडातून सुटतात. मधोमध मोडलेली कॉलरबोन जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. म्हणजे तुमची रेस अगदी अलीकडच्या काठावर आहे.

लोरेंझोची पुढची गोष्टही त्याला सांगा. दोनच आठवड्यांनी जर्मनीत झाक्सनरिंगला तो त्याच खांद्यावर पडला, प्लेट वाकली, पुन्हा ऑपरेशन. मोटोजीपीच्याच मार्केझचं तर याहून वाईट झालं. जुलै 2020 मध्ये हेरेझला उजव्या दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसवून त्याच आठवड्यात गाडीवर बसायचा प्रयत्न केला, थोड्याच दिवसांत प्लेट निकामी. डिसेंबरमध्ये तिसरं ऑपरेशन, 2022 मध्ये चौथं. आणि हे दोघे डांबरावरचे रायडर, त्यांना उड्या नाहीत. मोटोक्रॉसमधलं उदाहरण हवं तर रॉक्झेन घ्या. जानेवारी 2017 मध्ये अनाहाइमला डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उद्ध्वस्त झाला, 11 ऑपरेशन झाली. तो सुपरक्रॉसच्या (स्टेडियममधलं मोटोक्रॉस) स्टार्टच्या गेटवर आला ते थेट जानेवारी 2018 ला, आणि सुपरक्रॉसमधला पुढचा विजय जानेवारी 2020 मध्ये. माझ्या मते चिवटपणा म्हणायचा तर तो हा.

गाडीचा फरक विसरू नका. हर्लिंग्जच्या गाडीचं सस्पेन्शन सुमारे 300 मिमी चालतं. साधी एक्सपल्स पुढे 190, मागे 170 मिमी, आणि वजन दीडशे किलोच्या वर. सस्पेन्शन तळाला टेकलं की उरलेला दणका हँडलबारमधून मनगट, दंड आणि सरळ कॉलरबोनमध्ये जातो. त्याच टेबलटॉपवर तुमच्या रायडरची प्लेट जास्त वाकणार.

फिजिओ_कोथरूड
दादा, 'हात डोक्यावर जातो' ही चाचणी नव्हे. तारखेवर जाऊ नका, पुढच्या गोष्टी बघा.

आधी नवा एक्स-रे, दोन वेगवेगळ्या कोनांतून. फटीची रेघ पुसट होत चालली आहे का, एखाद्या स्क्रूभोवती काळी कड दिसते का, हे ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच विचारा. कड दिसली तर स्क्रू ढिला होतोय. तिथेच थांबायचं. हाताची पकड डायनॅमोमीटरवर (पकडीचा जोर मोजायचं यंत्र) मोजा. डावा हात उजव्याच्या 90 टक्क्यांपर्यंत यायला हवा. मग सर्जनने हो म्हटल्यावरच 10 पुशअप्स आणि बारला 30 सेकंद लटकणं, दोन्ही न दुखता. हा आकडा मी धरते तो, याहून कमीवर मी कुणाला गाडीवर बसू देत नाही.

त्यानंतर गाडी: पहिल्या दिवशी सपाट जागेत उभं राहून आठाचे आकडे, 15 मिनिटं, बस. रात्री सूज, सकाळी दुखणं तपासा. ठीक असेल तर एक दिवस सोडून खड्डे आणि रट्स (चाकांनी पडलेल्या खोल चऱ्या). उड्या सगळ्यात शेवटी, आधी एकेरी छोट्या. कुठल्याही पायरीवर दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक पायरी मागे. हे नीट केलं तर दोन ते तीन आठवडे सहज जातात, आणि ते हाड जुळल्यावर सुरू होतात.

पडला तेव्हा डोक्याला लागलं होतं का? काही क्षण आठवत नसतील, मळमळ किंवा प्रकाशाचा त्रास झाला असेल, तर खांद्याच्या आधी तो हिशोब. मेंदूच्या धक्क्यानंतर परतण्याच्या सहा पायऱ्या असतात, प्रत्येकीला किमान 24 तास, शेवटी डॉक्टरची लेखी परवानगी. हेल्मेट त्याच दिवशी बाद. आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही, बाहेरून कितीही नवं दिसो.

रिबाउंड_क्लिक
गिअरचा मुद्दा कुणी काढला नाही. नेक ब्रेसचा (मानेभोवतीचं संरक्षक कडं) पुढचा भाग आणि चेस्ट प्रोटेक्टरचा पट्टा नेमके कॉलरबोनवर बसतात. प्लेट कातडीखाली लगेच लागते, एका सेशनमध्ये तिथली कातडी सोलते. थेट वर फोम ठेवू नका, दाब वाढतो. 10-12 मिमी जाड फोमच्या दोन पट्ट्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना चिकटवा, म्हणजे पट्टा पुलासारखा वरून जाईल. ब्रेस तरीही सरळ बसत नसेल तर ब्रेस काढून चालवणं हा पर्याय नाही, त्या दिवशी गाडीच नाही.

क्लचची केबल नवी टाका, तेल सोडून. लिव्हर त्याच्या बोटांच्या मापाने जवळ घ्या. लिव्हरच्या क्लँपखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट इतकाच आवळा, की जोरात दाबल्यावर लिव्हर फिरेल. पडल्यावर लिव्हर तुटत नाही आणि हातालाही झटका कमी.

गोळ्यांचं बघा. डिस्चार्जच्या कागदावर बरेचदा ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी असते. 1 जानेवारी 2024 पासून ट्रामाडोल वाडाच्या (WADA, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत स्पर्धेच्या काळात बंद आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शनही 2022 पासून बंद, कुठेही टोचलेलं असो. नुसतं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चालतं. जागा बधिर करून उतरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्क्रू हलतोय हे सांगणारी तेवढी एकच घंटा त्याच्याकडे आहे.

हूप्स_हडपसर
सगळ्यांचे आभार. डोक्याला लागलं नव्हतं, विचारून घेतलं. आज पकड मोजली: उजवा 46 किलो, डावा 27. तो म्हणतो खांद्यामुळे नाही, अंगठ्याखाली मनगट दुखतं म्हणून दाबता येत नाही. पडल्यापासूनच आहे म्हणे, तेव्हा एक्स-रे फक्त खांद्याचा काढला होता.

फिजिओ_कोथरूड
सरावही बंद करा. अंगठा ताणून धरल्यावर मनगटाजवळ दोन कंडरांमध्ये (टेंडन) खळगा पडतो, तिथे बोटाने दाबा. दुखलं तर स्कॅफॉइड (अंगठ्याखालचं मनगटातलं छोटं हाड) मोडलंय असंच धरून चाला. त्या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं, त्यामुळे मधे किंवा मागच्या भागात मोडलं तर मागचा तुकडा रक्ताविना राहतो. न जुळलेलं स्कॅफॉइड पुढे अख्खं मनगट झिजवतं. कॉलरबोनच्या प्लेटपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

उद्या सकाळी हाताच्या हाडांच्या डॉक्टरकडे (ऑर्थो) न्या. मनगटाचा नुसता एक्स-रे नको, 'स्कॅफॉइड व्ह्यू' असं स्पष्ट लिहून घ्या. त्यात दिसलं नाही तरी दुखत असेल तर सीटी किंवा एमआरआय. तोवर अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट रात्रीही काढायचा नाही, आणि डाव्या हाताने क्लच एकदाही दाबायचा नाही, गाडी स्टँडवर असतानासुद्धा. रिपोर्ट आला की इथे टाका.